पकडलेले खलनायक, चोरलेल्या शक्ती: चोराच्या हाती नेमकं काय लागतं?

चौकटीबाहेर

मंडळी, आधीच सांगून ठेवतो. या धाग्यात बऱ्याच कॉमिक्सचे शेवट उघड लिहिलेत. ज्यांना ते स्वतः वाचायचेत त्यांनी इथूनच मागे फिरावं.

गेला महिनाभर मी मुद्दाम एकाच जातीच्या गोष्टी शोधून वाचतोय. कुणीतरी कुणाची तरी शक्ती पळवतं, आणि शेवटी पकडलेल्या खलनायकाला कुठेतरी डांबतात. अशा गोष्टींना तोटा नाही, पण मनात घर करणाऱ्या मोजक्याच. असं का, याचा विचार करता करता माझं एक मत बनलंय. चोराला शक्तीबरोबर तिच्या मालकाचं आणखीही काही पदरात घ्यावं लागलं, तर गोष्ट उभी राहते. नाहीतर शक्ती या खिशातून त्या खिशात जाते, चार पानं हाणामारी होते आणि अंक संपतो.

सुरुवात जुन्यापासून करू. १९६० साली 'द ब्रेव्ह अँड द बोल्ड'च्या ३०व्या अंकात अमेझो आला. जस्टिस लीग या सुपरहिरोंच्या संघातल्या सगळ्यांच्या शक्ती एकट्याच्या अंगात घेऊन फिरणारा यंत्रमानव. कथेच्या नावातच चोरलेल्या शक्तींचा उल्लेख आहे. त्याला बनवणारा प्रोफेसर आयव्हो अमर व्हायच्या मागे लागलेला. त्यासाठी दीर्घायुषी प्राणी हवेत आणि ते पळवून आणायला अमेझो. मारामारी ठीकठाक आहे, माझ्या लक्षात राहिला तो शेवट. मरण टाळायला निघालेल्या माणसाला ५०० वर्षांची कैद होते, आणि अमेझोचा निपचित देह लीगच्या संग्रहात जाऊन बसतो. त्याने जे मागितलं तीच त्याची शिक्षा झाली.

सुपर-स्क्रल (फॅन्टॅस्टिक फोर, अंक १८, १९६३) मला तितका आवडत नाही. चौघांच्या चारही शक्ती एकात, आणि त्या चौघांपेक्षा जास्त जोरकस. पण त्याच्या ग्रहावरून येणाऱ्या किरणांवर सगळा डोलारा. चौघांचा म्होरक्या रीड ते किरण अडवतो, संपलं. मग त्याला ज्वालामुखीच्या विवरात कोंडतात.

आता ज्या गोष्टीमुळे हा धागा काढला ती. 'फॅन्टॅस्टिक फोर' अंक ५७ ते ६०, १९६६ची अखेर आणि १९६७ची सुरुवात. फळीवरून अवकाशात फिरणारा सिल्व्हर सर्फर पृथ्वीवर अडकलाय, कारण त्याच्या जुन्या मालकाने, गॅलॅक्टसने, त्याच्यासाठी आकाशात न दिसणारी भिंत घातलीय. इतरांच्या लेखी आकाश मोकळं, त्याच्या लेखी बंद. फॅन्टॅस्टिक फोरचा वैरी डॉक्टर डूम त्याला लाटव्हेरियातल्या आपल्या किल्ल्यात बोलावतो, गोड बोलतो, अवकाशाचं दृश्य दाखवतो. सर्फर ते डोळे भरून बघत असतो आणि डूम मागून यंत्र चालवतो. घरच्या ओढीने व्याकुळ झालेल्या माणसाला त्याचंच आकाश दाखवून लुटलंय. जॅक कर्बीने काढलेली ती पानं मी तीनदा उलटसुलट पाहिली. त्यानंतर सर्फर तळघरात आणि डूम त्याच्या फळीवर उभा राहून जगभर थैमान घालतोय.

त्याला हरवतात कसं ते बघा. रीड एक उडतं यंत्र सोडतो. डूम त्याच्या मागे लागतो, वर, आणखी वर, आणि जाऊन आदळतो त्या भिंतीवर. सर्फरची शक्ती घेतली त्याच क्षणी त्याने सर्फरची कैदही घेतली होती. त्याला ते ठाऊकच नव्हतं, कारण ज्याला लुटलं त्याला कधी काही विचारलंच नाही.

तुमच्याकडे अशी उदाहरणं असतील तर लिहा. मत खोडून काढलंत तरी चालेल.

जुनेअंक

उत्तम धागा. पण पॅरासाइट कसा राहिला? 'अॅक्शन कॉमिक्स' ३४०, ऑगस्ट १९६६. तुमच्या मताला तो थोडा अडचणीचा आहे, म्हणून सुटला असावा.

रेमंड जेन्सन नावाचा एक कामगार. डब्यांत पगाराचे पैसे लपवलेत असं वाटून किरणोत्सारी कचऱ्याचा डबा उघडतो. पैशांच्या जागी मिळते भूक. माणसाजवळ गेला की त्याची ताकद शोषतो, सुपरमॅनजवळ गेला की सुपरमॅनची. शेवटी इतकं ओढून घेतो की स्वतःच फुटतो. यात मालकाचं काही येत नाही, चोराचाच हावरेपणा आडवा येतो. तरी गोष्ट उभी राहते. लिहिली तेव्हा जिम शूटर १४ वर्षांचा होता, हे कळल्यापासून मी ती जरा जास्तच मायेने वाचतो.

चौकटीबाहेर

@जुनेअंक, मान्य. पॅरासाइट मी वाचला होता आणि मुद्दाम नाही, पण सोयीने विसरलो. तो माझ्या मतात बसत नाही.

मेघमाला

चोरलेल्या शक्तींवर धागा आणि नुसत्या स्पर्शाने दुसऱ्याची शक्ती शोषणाऱ्या रोगचं (Rogue) अजून नाव नाही! मग मीच लिहिते.

१९८१चा 'अॅव्हेंजर्स' वार्षिक अंक १०. रोग पहिल्यांदा येते ती खलनायिका म्हणून. मिस मार्व्हलची, म्हणजे कॅरल डॅन्व्हर्सची, शक्ती तिने घेतलीय, आणि स्पर्श जरा जास्त वेळ टिकल्याने कॅरलच्या आठवणीही घेतल्यात, कायमच्या. सुरुवातीलाच कॅरल पुलावरून खाली पडतेय आणि स्पायडर-वुमन तिला वाचवते. ती कोण, हे तिचं तिलाही सांगता येत नाही. पुढे एक्स-मेनचे गुरू प्रोफेसर झेवियर तिच्या आठवणी परत आणतात, पण आठवणींमागच्या भावना परत येत नाहीत. आईवडिलांचे चेहरे आठवतात, त्यांच्याबद्दल काय वाटायचं ते आठवत नाही. मला तर हे सगळं गमावण्यापेक्षा भयंकर वाटतं.

दुसरं टोक १९८३च्या 'अनकॅनी एक्स-मेन' १७१मध्ये. रोग स्वतःच्या पायांनी एक्स-मेनच्या दारात येते. पकडून आणलेली नाही. डोक्यात दुसरी बाई बोलते, तिचं आयुष्य आपलंच वाटायला लागतं, आणि ते थांबवणं जमत नाही, म्हणून मदत मागायला आलेली. घरातले सगळे विरोधात. कॅरल तिथे येते आणि रोगला पाहताच असा ठोसा हाणते की ती थेट घराबाहेर. प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर आहे. तरीही प्रोफेसर तिला ठेवून घेतात.

तेव्हा चौकटीबाहेर, तुमचं मत रोगला शंभर टक्के लागू पडतं. पण माझा एक प्रश्न आहे. आपण सगळे चोराबद्दलच बोलतोय. जिचं गेलं तिच्याबद्दल कोण बोलणार?

शाईचा डाग

मेघमालाताई, प्रश्न नेमका आहे. मी त्याच प्रश्नाकडे तुरुंगाच्या बाजूने येतो.

आधी थोडा इतिहास. जुन्या अंकांत खलनायक नेमाने पकडला जातो यामागे लेखकाच्या आवडीइतकाच नियमाचा हात होता. १९५४च्या कॉमिक्स कोडनुसार प्रत्येक गोष्टीत चांगल्याचा विजय आणि गुन्हेगाराला शिक्षा व्हायलाच हवी होती. आणि मालिका तर दर महिन्याला निघणार! म्हणजे खलनायकाला पकडायचंही आणि पुन्हा वापरायचंही. या दोन गरजांच्या मधल्या जागेत कॉमिक्समधले सगळे नामांकित तुरुंग उभे राहिले. १९६१ साली फॅन्टम झोन आला ('अॅडव्हेंचर कॉमिक्स' २८३). सुपरमॅनच्या जन्मग्रहाचे, क्रिप्टॉनचे, गुन्हेगार तिथे भुतासारखे, वय वाढत नाही, सगळं दिसतं, हात कशालाच लागत नाही. बॅटमॅनच्या शत्रूंना डांबायचं वेड्यांचं इस्पितळ अर्कम १९७४चं, 'बॅटमॅन' २५८.

फॅन्टम झोनबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटते. त्याच १९६१ साली सुपरबॉयने तिथे एका निरपराध मुलाला ठेवलं. मॉन-एल. शिशाची बाधा होऊन तो मरायला टेकलेला आणि उपाय सापडत नव्हता. जिवंत राहावा म्हणून त्याला गुन्हेगारांच्या गर्दीत सोडलं, आणि तो तिथे हजार वर्षं राहिला. सगळं बघत, कुणाला हाक मारता येत नाही असा. मी लहानपणी हे वाचून अस्वस्थ झालो होतो, अजूनही होतो.

आता माझा मुद्दा. नंतरच्या कॉमिक्समध्ये कैद्यांच्या गळ्यात शक्ती दाबून टाकणारे पट्टे आले. पट्टा घातला की कैदी साधा माणूस. वाचताना आपल्याला ते बेडीसारखंच वाटतं, काही खटकत नाही. पण मला सांगा, डूमने सर्फरचं जे केलं आणि तुरुंगाधिकारी कैद्याचं जे करतो, त्यात फरक काय? एकाने शक्ती स्वतःच्या अंगात घेतली, दुसऱ्याने नुसती काढून घेतली. ज्याची गेली त्याच्या अंगात दोन्हीकडे पोकळीच.

चौकटीबाहेर

@शाईचा डाग, इथे मी अडलो. फरक आहे असं मला वाटतं: डूमला सर्फरची शक्ती हवी होती, तुरुंगाला कैद्याची शक्ती नको असते. हेतू निराळा आहे. शिवाय कैद्याने काहीतरी केलेलं असतं.

दुसरंपान

हेतू निराळा? मग बेल रीव्ह काढा.

१९८७पासूनचं 'सुइसाइड स्क्वॉड'. लुइझियानातला तुरुंग, आत पकडलेले खलनायक, आणि अमांडा वॉलर त्यांना सांगते: सरकारसाठी मरणाच्या मोहिमेवर जा, जगलात तर शिक्षा कमी. त्या तुरुंगाला कैद्याची शक्ती पुरेपूर हवीय. चोरीसाठी यंत्र लागत नाही, मनगटात स्फोटकाचं कडं पुरतं.

९वा अंक (जानेवारी १९८८) ज्याने वाचलाय तो विसरणार नाही. स्लिपनॉट, दोरखंडांत वाकबगार, हाताखेरीज ज्याच्याकडे काहीच नाही, कॅप्टन बूमरँगला विचारतो की हे कडं खरंच फुटतं का. बूमरँग म्हणतो, छे, नुसती धमकी. स्लिपनॉट पळतो. हात उडतो. बूमरँगला कड्याबद्दल काही माहीत नव्हतं, त्याला ते दुसऱ्याच्या हातावर तपासून बघायचं होतं. आजवर वाचलेल्या कॉमिक्समधला सगळ्यात नीच क्षण, आणि त्या क्षणी एकही सुपरशक्ती वापरलेली नाही.

जुनेअंक

आणि 'सिव्हिल वॉर' (२००६-०७) विसरू नका. निगेटिव्ह झोनमधला ४२ नंबरचा तुरुंग. तिथे नायकच नायकांना कोंडतात, आणि तो उभारणाऱ्यांत रीड रिचर्ड्स आहे. सुपर-स्क्रलचे किरण अडवणारा तोच रीड.

मेघमाला

चौकटीबाहेर, तुम्ही म्हणालात की कैद्याने काहीतरी केलेलं असतं. मग वारा-पावसावर हुकूमत असलेल्या, एक्स-मेनमधल्या स्टॉर्मचं बघा.

'अनकॅनी एक्स-मेन' १८५, सप्टेंबर १९८४. सरकारी माणूस गायरिक, हातात शक्ती नाहीशी करणारं शस्त्र, निशाणा रोगवर. त्याच्या लेखी ती पकडायची गुन्हेगार. गोळी लागते स्टॉर्मला.

पण त्याच्या आधी काय होतं ते कुणी सांगत नाही. स्टॉर्म आणि रोग नदीकाठी आहेत. रोग स्वतःला दोष देत बसलीय. स्टॉर्म तिला म्हणते, मला स्पर्श कर. तिची शक्ती ती आपणहून देते, थोड्या वेळापुरती, म्हणजे वारा आणि आभाळ आतून कसं लागतं ते त्या पोरीला कळेल. जिच्याकडे सगळं ओरबाडूनच आलंय तिच्या ओंजळीत कुणीतरी पहिल्यांदा काहीतरी ठेवतंय. आणि त्याच अंकात, काही पानांनी, स्टॉर्मची शक्ती हिरावली जाते. एकच शक्ती, एकदा दिलेली आणि एकदा घेतलेली. हे शेजारी शेजारी ठेवणाऱ्या लेखकाला, क्रिस क्लेअरमाँटला, माझा नमस्कार.

पुढचा १८६वा अंक बॅरी विंडसर-स्मिथच्या चित्रांचा. स्टॉर्म फोर्ज नावाच्या संशोधकाच्या घरी. तो तिची सेवा करतो, ती त्याच्यात गुंतत जाते, आणि मग एका फोनवरून तिला कळतं की ते शस्त्र त्यानेच बनवलंय. आभाळात वावरणारी ही बाई त्या अंकात बराच वेळ नुसती बसलेली आहे. तिचा खांदा, मान, जमिनीवर टेकलेली पावलं बघा. चित्रकाराने वजन काढलंय, जे पूर्वी तिच्या अंगाला कधीच नव्हतं.

यानंतर तिने काय केलं? सायक्लॉप्सशी एक्स-मेनच्या नेतृत्वासाठी झुंज लागली तेव्हा (अंक २०१) त्याला शक्तीविना हरवलं. १९८८पर्यंत ती अशीच होती, तीन वर्षांहून जास्त. मी म्हणत होते ना, जिचं गेलं तिच्याबद्दल बोलू या. चोराला काय मिळालं यात गोष्ट आहेच, पण जिचं गेलं तिच्याजवळ काय उरलं यात जास्त मोठी गोष्ट आहे.

शाईचा डाग

मेघमालाताई, १८५ उद्या पुन्हा काढतो. नदीकाठचा प्रसंग माझ्या डोक्यातून पार गेला होता.

रात्रवाचक

मी मांगावाला, म्हणजे जपानी कॉमिक्स वाचणारा, म्हणून एवढंच. 'माय हीरो अकॅडेमिया'मध्ये हेच सूत्र आहे. ऑल फॉर वन दुसऱ्यांच्या शक्ती काढून घेतो, पकडला गेल्यावर टार्टारस तुरुंगात जातो. त्याच्या विरुद्ध उभी असलेली शक्ती जबरदस्तीने घेताच येत नाही, आपल्या इच्छेने दुसऱ्याला द्यावी लागते. आणि ती उगम पावली त्याच्याच भावात. मेघमालांनी सांगितलेला नदीकाठचा प्रसंग वाचून तेच आठवलं.

दुसरंपान

आता माझं आवडतं उदाहरण. यात तुरुंग आणि चोरी एकाच खाटेवर आहेत.

'अमेझिंग स्पायडर-मॅन' ६९८, २०१२. डॉक्टर ऑक्टोपस राफ्ट नावाच्या तुरुंगात मरायला टेकलाय, नळ्या लावलेला, हलता येत नाही. तोंडातून एकच नाव निघतं: पीटर पार्कर. स्पायडर-मॅन त्याला भेटायला येतो, सगळ्यांना बाहेर पाठवतो, आणि मग आपल्याला कळतं की अदलाबदल आधीच झालीय. खाटेवर मरणारा पीटर आहे. समोर धडधाकट उभा आहे तो ऑक्टोपस.

मी तिथल्या तिथे अंक पहिल्या पानापासून परत वाचला. सगळं आधीपासून समोर होतं. तो रस्त्याने जरा ताठ चालतो, लोकांशी जरा वरच्या पट्टीत बोलतो. पहिल्या वाचनात मला वाटलं, आज पीटर खुशीत दिसतोय. वीस-बावीस पानं चोर माझ्यासमोर होता आणि मी त्याच्यावर खूश होतो.

जगातला सगळ्यात पकडलेला खलनायक, बोटही हलत नाही, आणि त्याने काय पळवलं तर अख्खा माणूस. चौकटीबाहेर, तुमचं मत इथे चपखल बसतं, कारण ७००व्या अंकात मरता मरता पीटर त्याला आपल्या आठवणी देतो. अंकल बेन, सगळे पराभव, सगळी जबाबदारी. शरीर चोरणाऱ्याच्या गळ्यात त्या शरीराचं कर्तव्य पडतं. ऑक्टोपस शपथ घेतो की मी तुझ्यापेक्षा चांगला स्पायडर-मॅन होईन. तो खरंच प्रयत्न करतो. आणि २०१४मध्ये, जिच्यावर त्याचं प्रेम आहे तिला वाचवणं आपल्याला जमणार नाही, पीटरला जमेल, हे पटल्यावर स्वतः पुसला जाऊन शरीर परत करतो.

चौकटीबाहेर

@दुसरंपान, सुंदर लिहिलंत. ऑक्टोपसने परत केलं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. डूमने परत केलं नाही, त्याच्याकडून गेलं.

@शाईचा डाग, तुमच्या पट्ट्याच्या प्रश्नावर दोन दिवस विचार केला. मी हेतूची ढाल पुढे केली होती, ती टिकत नाही. मध्यंतरी १९८८चे जेनोशाचे अंक वाचले ('अनकॅनी एक्स-मेन' २३५ पासून) आणि २३६ने माझं मत बदललं. जेनोशा नावाच्या देशात म्युटंट, म्हणजे जन्मजात शक्ती असलेल्या, लोकांना गुलाम करून राबवतात. तिथे वुल्व्हरिन आणि रोग पकडले जातात आणि वाइपआउट त्यांच्या शक्ती बंद करतो. बऱ्याच वर्षांनी रोगला कुणाचाही स्पर्श निर्धोक आहे, आणि पहिला स्पर्श पहारेकऱ्यांचा. ती आत कुठेतरी मिटून जाते. तेव्हा तिच्या आतून कॅरल पुढे येते, शरीर ताब्यात घेते आणि सुटकेची आखणी करते.

तुरुंगाने रोगचं सगळं काढून घेतलं. जिला तिने लुटलं होतं ती मात्र आत होती, आणि तिनेच तिला सांभाळलं. शक्तीबरोबर मालकाचं आणखी काही येतं असं मी पहिल्या पोस्टीत लिहिलं, तेव्हा मला ओझं म्हणायचं होतं. ते असंही असू शकतं हे माझ्या ध्यानात नव्हतं.

मेघमाला

हा अंक आठवून लिहिलात, फार बरं वाटलं.

जुनेअंक

एक शेवटचं जोडतो, कारण फॅन्टम झोनचा विषय अर्धा राहिलाय.

सप्टेंबर १९८६. 'सुपरमॅन' ४२३ आणि 'अॅक्शन कॉमिक्स' ५८३, कर्ट स्वॅनची चित्रं. जुन्या सुपरमॅनची अखेरची गोष्ट. एरवी नुसत्या खोड्या काढणारा, दुसऱ्या मितीतला मिक्स्झिझप्टल्क या वेळी खऱ्या अर्थाने दुष्ट होऊन आलाय, मित्र मेलेत, आणि सुपरमॅन त्याच्यावर फॅन्टम झोनचा प्रक्षेपक रोखतो. म्हणजे कैदेत टाकायचं साधन. मिक्स्झिझप्टल्क त्याच क्षणी स्वतःचं नाव उलटं उच्चारून आपल्या मितीत पळू बघतो. दोन्हीकडून ओढला जातो आणि फाटतो. सुपरमॅनला हे होणार ते माहीत होतं.

त्याचा न्याय कोण करणार? कुठलाही पट्टा त्याच्या गळ्यात बसत नाही. तो सोनेरी क्रिप्टोनाइट ठेवलेल्या दालनात चालत जातो. त्या दगडाने शक्ती कायमची जाते. कुणी ढकललं नाही. बाहेर येतो आणि जगाच्या लेखी बर्फात नाहीसा होतो.

शाईचा डाग, तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर त्या दालनाच्या दारात आहे. पण मी अंक मिटतो तो त्यानंतरच्या चौकटींवर. काही वर्षं उलटलीत. एक साधा गाडीदुरुस्तीवाला, त्याची बायको, लहान मूल. मूल कोळशाच्या ढिगाशी खेळतंय. एक तुकडा मुठीत धरतं, दाबतं, मूठ उघडतं, आणि हातात हिरा.